दुकानामागचा निंब

जऊळक्यात जिनदासशेठचं किराणा दुकान आहे. दुकानामागच्या अंगणात जुना कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत शेठची बायको अंगुरीबाई दुपारी तुरीची डाळ निवडायच्या. शेजारच्या दुर्गाबाईही आपलं सूप घेऊन तिथंच यायच्या. जिनदासची मात्र तक्रार होती की पाला पत्र्यावर पडतो, पन्हाळ तुंबते आणि पाणी साखरेच्या पोत्यांवर गळतं.

एका उन्हाळ्यात अंगुरीबाई कारंज्याला माहेरी गेल्या, तेव्हा जिनदासनं करवतवाला बोलावला.

"हात राखू नको," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत झाडाचा सगळा डोलारा जमिनीवर आला. उरलं खोड आणि त्यावर चार-पाच बोडके थोटे.

अंगुरीबाई परतल्या आणि हातातली पिशवी तशीच धरून अंगणात उभ्या राहिल्या.

"हे काय करून ठेवलं हो?"

"फुटते ना. पयल्यापेक्षा दाट होईन, पाह्य तू."

फुटला खरा. पावसाळ्यात प्रत्येक थोट्याच्या टोकाला सरळसोट कोवळ्या फोकांचा झाडू उभा राहिला. जिनदास गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचा. पण कधी ऊन न लागलेली पश्चिमेकडची साल भाजून तडकली होती आणि थोटे आतून कुजत चालले होते, ते कोणी वर चढून पाहिलं नाही. दोनेक वर्षांनी मे महिन्यात वादळी पाऊस आला. मनगटाएवढा जाड झालेला एक फोक खोडाची लांब साल सोलत पत्र्यावर आदळला. पत्रा वाकला, पोती भिजली.

"बुडातूनच काढून टाकतो आता," जिनदास चिडून म्हणाला.

"मले इचारल्याशिवाय हात लावाचा नाही," अंगुरीबाई म्हणाल्या. "आधी स्नेहाले दाखवू."

स्नेहा दुर्गाबाईंची मुलगी. अकोल्यात बागा सांभाळायच्या नोकरीवर होती. रविवारी ती आली, शिडी लावून वर गेली आणि एक फोक हलवून पाहिला.

"काका, सगळा पाला एकदम गेला ना, मंग झाड उपाशी पडलं. जीव वाचवाले घाईघाईनं फुटलं. हे फोक जाड दिसतेत, पण त्यायची पकड वरवरची आहे. खऱ्या फांदीसारखी खोलवर नाही."

जिनदासनं खोडाच्या सोललेल्या जागेवरून हात फिरवला. म्हणाला, "म्हणजे म्याच मारलं याले."

"मेलं कुठी? जगते. पण दमानं घ्या. आता एकदम सगळं काढू नका."

त्या हिवाळ्यात तिनं प्रत्येक थोट्यावरचा एखादा नीट वाढलेला फोक राखला, काही विरळ केले आणि बाकीचे पुढच्या वर्षांसाठी ठेवले. खालून जिनदास शिडी धरून होता. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल सोलत जात नाही; थोटा ठेवायचा नाही आणि खोडालाही घासून कापायचं नाही, हे तो पाहून शिकला. पुढच्या हिवाळ्यात स्नेहा खाली राहिली आणि करवत त्यानं घेतली. त्याला ते काम आवडायला लागलं.

खोडावरचा व्रण बुजला नाही. झाड एका बाजूला कललेलंच वाढतंय. पण यंदा त्याला मोहर आला आणि अंगणात पुन्हा दोन सुपं बसतील एवढी सावली पडली.

परवा पलीकडच्या आळीतला रामधन दुकानात आला. "शेठ, त्या करवतवाल्याचा नंबर द्या. आमच्या चिंचेचा शेंडा उडवाचा आहे."

"कायले?"

"घरावर फांदी घासून राह्यली."

"मंग शेंड्यानं काय केलं तुझं?" जिनदासनं गल्ल्याला कुलूप घातलं. "नंबर नाही देत. चाल, मीच येतो."

अंगुरीबाईंनी आतून आवाज दिला, "दिवस मावळाच्या आत जेवाचं आहे, ध्यानात ठेवा!"

जैन घरातला तो नेम; जिनदास वेळेत परतला. डोक्यात चिंचेचा पाला, बंडी घामानं ओली. हात धुऊन पाटावर बसला. अंगुरीबाईंनी ताट वाढलं, त्याच्या केसातला पाला काढला आणि आणखी एक भाकर वाढली.

"झाडावर चढून भूक चांगली लागते बॉ," जिनदास म्हणाला.