शीतल महाराजांची थंड राख

उमरेडला दर गुरुवारी एवढी गर्दी लोटायची, की नागपूरहून सुटणाऱ्या एसटीच्या टपावरही माणसं बसत. सगळ्यांना शीतल महाराजांचा अंगारा हवा असे. होती राखच, पण जिभेवर ठेवली की थंडगार! बायका डोळे मिटून म्हणत, "चुलीतली नाही वं, चंद्रावरची आहे."

१९७८ साल होतं. मी, माझे यजमान ताराचंद आणि नणंद प्रयागबाई त्या रांगेत चार तास उभे होतो.

यजमान हातमागावर लुगडी विणत. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं मोठ्या दवाखान्यात कळलं, त्या दिवशी मी रडले नाही. घरी येऊन ज्वारी निवडत बसले. त्यांची खाज मात्र बघवत नव्हती. धोटा फेकायचा हात मध्येच पाठीकडे जायचा आणि रक्त काढूनच परत यायचा. खाजेसाठी तिथल्या डॉ. नीलांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. दोन महिन्यांत तसूभर फरक नव्हता.

महाराजांनी यजमानांकडे पाहिलं न पाहिलं आणि सुरू झाले, "किडनी म्हंजे काय? गाळणी! भांडे कायनं घासता वं माय?"

"राखेनं, महाराज," प्रयागबाई म्हणाल्या.

"बस्स! मग गाळणी कायनं धुवाची? दर जेवणात पहिल्या घासासंगं एक चिमूट, शेवटल्या घासासंगं एक चिमूट. उपाशीपोटी घेतली तं राखेची राख होऊन जाईन! आन् डाक्टरच्या गोळ्या, अळणी खाणं, सब बंद. एकाच टायमाले दोन एसटीत बसून कोणी उमरेडले येते का?"

रांग हसली. राखेची आणखी राख कशी होते, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. प्रयागबाईंनी कोपर मारलं.

वाण्याकडून येणाऱ्या पुड्यांचे कागद वाचून वाचून मी शिकलेली. माझा विश्वास नव्हता. पण तिसऱ्या आठवड्यात खाज कमी झाली. खरंच झाली. यजमान मागावर सलग दोन तास बसू लागले.

"काय म्हन्ते आता तुहं सायन्स?" प्रयागबाईंनी विचारलं. ताटात मीठ आलं, लोणचं आलं. रक्तदाबाच्या गोळ्या फळीवर पडून राहिल्या.

दीड महिन्यात त्यांचे पाय सुजले. ओट्याची पायरी चढताना धाप लागू लागली. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाले, "खाज गेली ना वं? मंग काहून जायचं?"

मी एकटीच गेले, अंगाऱ्याची पुडी घेऊन.

डॉ. नीलांनी राख हुंगली, जिभेला लावली. मग कपाटातून तीच जुनी पांढरी गोळी काढून कुटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "चाखा."

थंडगार. चंद्रावरची.

"पेपरमिंट आहे," त्या म्हणाल्या. "गोळी चघळवावी म्हणून कारखान्यात घालतात. तुमच्या महाराजांनी हीच गोळी कुटून तिच्यात गोवरीची राख मिसळली आहे, बस."

"मग तुमच्या गोळीनं खाज काहून नाही गेली?"

"कधी देत होता?"

"पहाटे आंघोळीनंतर, निर्जळी. न चघळता अख्खीच गिळत. जेवण दोन तासांनी."

"मी जेवणासोबत सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. पण आमच्या घरी औषध सोवळ्यातलं. उष्ट्या तोंडानं ते कोणी घेत नाही.

डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शेतात स्फुरद टाकतात ना, तेच दूधडाळीतही असतं. किडनी ते बाहेर टाकेना, की रक्तात साठतं; खाज त्यानं वाढते. ही गोळी पोटातच त्याला धरते आणि शौचावाटे काढते. पोटात अन्नच नसेल तर धरणार कोणाला? ती किडनी मात्र बरी करत नाही. मीठ आणि रक्तदाब सांभाळला नाही, तर माणूस लवकर जाईल."

हे सांगून यजमान ऐकणार नव्हते. मी लबाडी केली. त्याच गोळ्या कुटल्या, गोवरीची राख मिसळली आणि महाराजांच्या रिकाम्या पुड्यांत भरल्या. पंधरा दिवस पहिल्या आणि शेवटच्या घासासोबत वाढल्या. खाज परतली नाही. मग एका दुपारी, प्रयागबाईंसमोरच, खलबत्ता ताटाजवळ ठेवला आणि सगळं सांगितलं.

प्रयागबाई म्हणाल्या, "महाराजच्या पुडीचा गुण असन तो."

"बाई," यजमान म्हणाले, "पुडी तं पेपरच्या कागदाची आहे." त्यांनी खलबत्त्यातली पूड बोटावर घेऊन चाखली. मग म्हणाले, "माही टोपी दे वं. दवाखान्यात जाऊ."

पुढच्या गुरुवारी डॉ. नीलांनी आणि मी उमरेडच्या रांगेत गोळी कुटून चाखायला दिली. महाराज म्हणाले, "पाहा, देवीनं डाक्टरलेही सुबुद्धी देल्ली!" निम्मी रांग हसून घरी गेली. निम्मी तशीच उभी राहिली.

यजमान सव्वा वर्षानं गेले. ते जाणार, हे मला सांगितलेलं होतं. शेवटचे महिने त्यांनी अंग न ओरबाडता काढले, दोन लुगडी पुरी केली.

आता ऐकते, त्या गोळीतला धातू वर्षानुवर्षं हाडांत साठतो, म्हणून डॉक्टर तीही कमी करू लागलेत. हा दोष शोधला तो डॉक्टरांनीच, आणि सांगितलाही त्यांनीच. महाराजांच्या राखेत मात्र आजवर एकही दोष निघालेला नाही. गुण आला म्हणून हात जोडायची घाई करू नका, बायांनो. आधी विचारा: यात काय आहे, ते कसं काम करतं, आणि कशाला उपयोगी नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो देईल, त्याच्याकडेच आपला माणूस न्या.