कोऱ्या कुंडीतला वाटाणा

“या कुंडीत कुणी काय घातलं?” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

तुलनेसाठी ठेवलेली ही कुंडी कोरी होती. म्हणजे वाळू वाफवून निर्जीव केलेली. हवेतला नत्र पकडून देणारे जिवाणू तिच्यात नाहीत, तेव्हा वाटाणा पिवळा पडून मरायला हवा. पण हा पठ्ठ्या हिरवागार! तिथल्या मदतनीस मावशींनी तो उपटला. बावीस वर्षं वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठी फोडण्यात गेलेली त्यांची. नखाने एक दाबली, तर आत लालचुटूक. जिवंत.

प्रत्येक शेतातल्या जिवाणूंची खूण वेगळी असते, डीएनए तपासणीच्या फोटोत तिचे पट्टे उमटतात. दोन दिवसांनी भरदुपारी तो फोटो आला आणि मावशींनी तो दोनदा निरखून पाहिला. हे पट्टे त्यांना पाठ होते. त्यांचा नवरा याच प्रयोगशाळेसाठी शेतांतून मातीचे नमुने गोळा करायचा. चार वर्षांपूर्वी ज्या शेतात हातातल्या खुरपीसकट तो कोसळला आणि गेला, तिथले हे पट्टे. त्या शेतावर आता गोदाम उभं आहे. नळ्यांत जपलेले तिथले जिवाणूही फ्रीज बिघडला तेव्हा मेले. मग हे आले कुठून? मागे कुणीतरी उभं आहे असं त्यांना वाटलं. वळून बघायचा धीर होईना.

मग आठवलं. कुंडी भरताना नेहमीची पळी सापडेना, म्हणून पिशवीतली त्याची खुरपी घेतली होती. इथली झाडून सगळी अवजारं वाफेतून निघतात. ही तेवढी मावशींनी कधी धुतलीच नव्हती; पात्याला त्या शेतातली माती तशीच होती. मुठीला त्याच्या हाताचा वास होता.

गप्प बसलं तर बिघडलेल्या प्रयोगाच्या सगळ्या कुंड्या भट्टीत जातील, नाव कुणाचंच येणार नाही. पण त्या गाठीही जळतील. ते काही त्यांना सोसवेना. बाईंच्या टेबलाशी जाऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला.

“वर्षभराचं काम गेलं हो मावशी.” मग हळूच म्हणाल्या, “गाठी ठेवू आपण. नवी नळी करा. पण खुरपी आजच वाफेत जायला हवी.”

“मीच घालते,” मावशी म्हणाल्या.

पाऊण तासाने वाफेच्या भांड्याचं झाकण उघडलं. फडक्यात धरून मावशींनी खुरपी नाकाशी नेली. ओल्या लाकडाचा वास आला, बाकी कसलाच नाही.