एकोणीस धागे

"हात पुढे कर. आणखी थोडे. हां, झोपेत चालणाऱ्या माणसासारखी उभी राहा."

मुंगी स्टुलावर उभी राहून दोन्ही हात पुढे करून खदखदून हसली. निळ्या कोटाच्या बाह्या तिच्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या. आजोबांनी त्या आत दुमडून मनगटापर्यंत आणल्या, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि मान डोलावली.

"कसा दिसतोय बघ! अगदी मापाचा."

"आजोबा, याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय."

"दोन दिवस उन्हात टाकला की वास जाईल. कोट नाही जायचा."

मुंगी सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून मुंगी. तिच्या आईची बदली झाली होती आणि भाड्याचं घर मिळेपर्यंत दोघी कालच इथे, आजोळी, राहायला आल्या होत्या. वडील महिन्याभरानं येणार होते. सोमवारपासून मुंगीची नवी शाळा. आधीच्या गावात थंडी अशी नव्हतीच, त्यामुळे तिच्याकडे कोट नव्हता. ही गोष्ट काल रात्री जेवताना निघाली आणि आज सकाळी चहाही न घेता आजोबा माळ्यावर चढले. पेटीच्या तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला, मुंगीच्या आईचा कोट तीस वर्षं वाट पाहत पडला होता.

"हा कोट कधीच फाटणार नाही?" मुंगीनं विचारलं.

"कधीच असं काही नसतं. पण हे कापड मी स्वतः तपासलंय."

आजोबांनी चौतीस वर्षं एका कापडगिरणीच्या तपासणी खात्यात काढली. तिथे एक यंत्र होतं. कापडाचा गोल तुकडा त्यावर बसवायचा आणि दुसऱ्या कापडानं तो घासत राहायचं, गोल गोल, धागा तुटेपर्यंत. कामगार त्या यंत्राला जातं म्हणत. किती फेऱ्यांनंतर धागा तुटला तो आकडा आजोबा वहीत लिहीत. साधं कापड दहा-बारा हजारांत मान टाकी. या कोटाच्या कापडानं चाळीस हजार फेरे सोसले होते. आजोबांनी ते तीनदा घासून पाहिलं, कारण पहिल्या दोन वेळा त्यांचा स्वतःवरच विश्वास बसला नाही. त्या कापडाचे कोट दुकानात आले तेव्हा त्यांची किंमत ऐकून लोक हात मागे घेत. तेवढ्या पैशांत चार साधे कोट आले असते. आजोबांनी एक घेतला. गिरणीत त्यांना सगळे टिकाऊसाहेब म्हणायचे. थट्टेनंच, पण त्यांना ते आवडायचं.

"इकडे ये, तुला कापड वाचायला शिकवतो," ते म्हणाले. शिकवायला मिळालं की त्यांचा आवाज बदलायचा. घाई निघून जायची. "आधी उजेडासमोर धर. पलीकडचं दिसतंय?"

"नाही."

"म्हणजे वीण घट्ट. आता शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून ओढ. जोरात ओढ, घाबरू नकोस. टाक्यांमध्ये फट दिसली?"

"नाही."

"आता नखानं शिवण खरवड. टाका हलला?"

"नाहीच हलला!"

"मग हे कापड पास. बघ, तीन प्रश्न आणि तीन उत्तरं. दुकानदार काहीही सांगो, कापड खोटं बोलत नाही."

मुंगीला हा खेळ फारच आवडला. तिनं खिडकीचा पडदा नापास केला, आजोबांचा सदरा नापास केला आणि परत बाहीकडे वळली. दुमडलेली बाही तिनं बाहेर ओढली.

"इथे पट्टे का आहेत?"

कोट वाढत्या अंगाचा घेतला होता. बाह्यांच्या आत बरंच कापड दुमडून ठेवलेलं होतं. दर हिवाळ्याच्या सुरुवातीला आजोबा शिवण उसवून त्यातलं चार बोटं कापड बाहेर सोडत आणि पुन्हा शिवत. वरचं कापड उन्हानं विटलेलं, नवं सुटलेलं गडद. म्हणून पट्टे. हे सगळं त्यांनी मुंगीला नीट समजावलं.

"म्हणजे खालचा पट्टा वरच्याहून गडद हवा," मुंगी म्हणाली.

"शाब्बास! हुशार आहेस."

"पण शेवटचे दोन सारखेच आहेत. मध्ये नुसती रेघ आहे."

आजोबांनी चष्मा नाकावर खाली घेतला. दोन्ही पट्टे खरंच एका रंगाचे होते. इतक्या वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"धुण्यात झालं असेल काहीतरी," ते म्हणाले.

तेवढ्यात मुंगीची आई केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"हा अजून आहे?"

"आहे म्हणजे? तसाच्या तसा आहे! बाजारात जायचं कारणच उरलं नाही. सोमवारी हाच घालेल ती."

"बाबा, नवी शाळा आहे तिची."

"मग? शाळा नवी म्हणून कोट जुना चालत नाही?"

"तसं नाही हो." तिनं आईकडे पाहिलं. आजी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या.

"मी काही बोलत नाही," आजी म्हणाल्या. "ह्यांच्या आणि कोटाच्या मध्ये मी कधी आले नाही."

"आई, तुला आवडायचा हा कोट?" मुंगीनं विचारलं.

मुंगीची आई हसली. मुलांना गंमत सांगताना हसतात तसं. "अगं, मला त्या कोटामुळे दर हिवाळ्यात बढती मिळायची. पहिला पट्टा आला तेव्हा वर्गातली मुलं मला शिपाई म्हणायची. दुसरा आला तशी मी हवालदार झाले. मी वर्गात शिरले की सगळी मुलं ओळीत उभी. सॅल्यूट!"

मुंगीनं स्टुलावरून खाडकन सॅल्यूट ठोकला. आजोबाही हसले. "हवालदार! अगं, मग छानच की. तिसरा पट्टा आल्यावर फौजदार झाली असशील."

"नाही. तिसरा कुणी पाहिलाच नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या पट्ट्यानंतर मी घालतच नव्हते तो. पाण्याच्या टाकीचं वळण आलं की काढायचे आणि दप्तरात कोंबायचे. येताना वळणावर परत घालायचे." टॉवेल खुर्चीवर टाकत ती पुढे म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. किती जुनी गोष्ट आहे."

आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण ते आता तिथे नुसतंच राहून गेलं होतं. दर हिवाळ्याच्या शेवटी ते कोट खिडकीपाशी नेत आणि भिंगातून कोपरावरचे तुटलेले धागे मोजत. पहिल्या वर्षी अकरा. दुसऱ्या वर्षी एकोणीस. तिसऱ्या वर्षी एकोणीस. चौथ्या वर्षीही एकोणीस. हे आकडे त्यांनी खात्यात सगळ्यांना सांगितले होते. दोन हिवाळ्यांत एकही नवा धागा तुटला नाही, याला म्हणतात कापड! नव्या माणसांना शिकवताना निवृत्त होईपर्यंत ते हेच उदाहरण देत आले होते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी आजींना विचारलं.

"दप्तरात पेन्सिलीचं टरफल असतं. ते दर वेळी कोटाच्या अस्तरात सापडायचं. कोट अंगात असताना ते तिथे कसं जाईल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही भिंग घेऊन इतके खुशीत बसलेले असायचात," आजी म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी तिघं बाजारात गेली. आजोबा स्वतःहून येतो म्हणाले होते.

दुकानात लहान मुलांच्या कोटांची लांब रांग टांगलेली होती. रांगेच्या एका टोकाला जाड, महागाचे, तपकिरी आणि निळे. दुसऱ्या टोकाला पोपटी, गुलाबी, जांभळे. मुंगी सरळ दुसऱ्या टोकाला धावली आणि एका पोपटी कोटासमोर थांबली. त्याच्या टोपीला सशाचे दोन लांब कान होते. तिनं एक कान हातात घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला.

आजोबांना अशाच एका दुकानातला लाल कोट आठवला. खिशावर मांजराचं तोंड होतं. सात वर्षांची त्यांची मुलगी तो छातीशी धरून उभी होती. त्यांनी तो हळूच काढून घेतला, उजेडासमोर धरला, नखानं शिवण खरवडली. टाका लगेच हलला. "बघितलंस? दोन धुण्यांत उसवेल," ते म्हणाले होते. तिनं टाका पाहिला आणि "बरं बाबा" म्हणाली होती. किती शहाणी मुलगी, असं त्या दिवशी त्यांच्या मनात आलं होतं.

मुंगीनं पोपटी कोट खुंटीवरून काढला. तो उजेडासमोर धरला. शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून ओढला. मग जीभ दातांत धरून नखानं खरवडला.

"ताई, माल चांगला आहे," दुकानदार तिच्या आईला म्हणाला. "छोट्या बाईसाहेब फारच कडक दिसतात."

"पलीकडचं दिसतंय," मुंगी हळूच म्हणाली. "फट पण पडते. टाका पण हलतो. तिन्हींत नापास आहे ना, आजोबा?"

तिनं कोट परत खुंटीला लावला. कान नीट सरळ केले. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तपकिरी कोटाची बाही दोन बोटांत धरली. "हा घेऊया. हा पास होईल."

मुंगीच्या आईनं आजोबांकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

आजोबा पोपटी कोटाकडे गेले. "मुंगे, इकडे ये. सकाळी एक प्रश्न शिकवायचा राहिला."

"चौथा?"

"पहिला. तो आधी विचारायचा असतो. कोट तुला आवडला का?"

मुंगीनं आईकडे पाहिलं, मग कानांकडे. "हो. पण तो टिकणार नाही."

"नाही टिकणार," आजोबा म्हणाले. त्यांना यात खोटं बोलता येत नव्हतं. "एक हिवाळा जाईल. फार तर."

"मग तरी घ्यायचा?"

"घ्यायचा."

"बाबा, दुसरा एखादा मधला बघूया," मुंगीची आई म्हणाली. "खरंच पातळ आहे हो तो."

"आतून स्वेटर घालेल. अंगावर राहिला म्हणजे झालं."

रविवारी सकाळी आजोबा खिडकीपाशी पोपटी कोट मांडीवर घेऊन बसले. एकेका शिवणीवर आतून दुहेरी दोऱ्यानं हातटीप घालत होते. बाहेरून काही दिसू नये म्हणून टाके अगदी बारीक. कानांच्या मुळाशी त्यांनी तीन वेळा दोरा फिरवला, कारण सगळ्यात आधी तेच ओढले जाणार. निळा कोट दारामागच्या खुंटीवर उन्हाच्या तुकड्यात टांगलेला होता. मुंगीची आई येऊन शेजारी बसली आणि न सांगता सुईत दोरा ओवून देऊ लागली.

बऱ्याच वेळानं आजोबा म्हणाले, "तिसऱ्या हिवाळ्यात तू खूप खोकायचीस."

"हो."

"मला वाटलं, कोटातून वारा आत येत असेल. मी तो गिरणीत नेला होता. वारा मोजायच्या यंत्रावर लावला."

"माहीत आहे. संध्याकाळी येऊन मला सांगितलंत. कोटात काही दोष नाही म्हणून."

आजोबांनी टाका घेतला. दोरा ओढला. "तो आकडा अजून आठवतो मला. तू किती दिवस खोकत होतीस, ते काही केल्या आठवत नाही."

तिनं दुसऱ्या सुईत दोरा ओवला. मग ती सुई पुढे केली. "ही घ्या. त्यातला दोरा संपलाय."

सोमवारी सकाळी धुकं होतं. मुंगी पायऱ्या उतरली, आईचा हात धरून रस्त्याला लागली. टोपी डोक्यावर होती आणि कान दर पावलाला उडत होते. आजोबा खिडकीत येऊन उभे राहिले. इथून पाण्याच्या टाकीपर्यंतचा सगळा रस्ता दिसत असे. वळणही दिसत असे. ही खिडकी तेव्हाही होती. दर हिवाळ्याच्या शेवटी, चांगला उजेड हवा म्हणून, ते इथेच बसून धागे मोजत आले होते.

वळणापाशी मुंगी थांबली. आजोबांनी गज धरला. ती वाकली, बुटाचा पट्टा ओढला आणि पुन्हा चालू लागली. टाकीच्या मागे आधी तिची आई गेली, मग पोपटी कोट गेला, शेवटी दोन कान गेले.

"चहा निवतोय," आजी आतून म्हणाल्या. "काय बघताय एवढं?"

"काही नाही. घालूनच गेली."

रस्त्यावर आता कुणी नव्हतं. तरी आजोबा आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिले.