मागच्या चाकांचा कौल

त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. नवी पिकअप घ्यायची ती चार टायरची की सहा टायरची? म्हणजे मागे एकेका बाजूला एकच चाक, की जोडचाकं? चहाला तेच, जेवताना तेच. मी आपली एकच धरून बसले होते. सहा टायरची घ्या, नाहीतर गाडीच घेऊ नका.

कारण सांगते. माझा मोठा मुलगा अनंत गेल्या वर्षी गेला. भिवंडीहून लादी भरून घाटकोपरला येत होता. मुलुंड चेकनाक्याजवळ पुलाच्या उतारावर मागचा डावा टायर फुटला आणि गाडी दुभाजकावर आडवी झाली. चार टायरची गाडी. एका बाजूचा टायर गेला की त्या बाजूला काही उरतच नाही. जोडचाकं असली तर एक फुटलं तरी दुसरं धरून ठेवतं. हे मला दिवसकार्याला आलेल्या एका ड्रायव्हरने समजावलं. बिचारा सांत्वन करायला आला होता आणि जाताना माझ्या उरावर धोंडा ठेवून गेला.

तेव्हापासून मी नवऱ्याशी धड बोललेले नाही. गुणाजी त्याचं नाव. तोंडावर अहो-जाहो करते, मनात करत नाही. चार टायरची ती गाडी त्यानेच निवडली होती ना!

आता त्याचीही बाजू आहे, नाही असं नाही. आम्ही असल्फ्याच्या डोंगरावर राहतो आणि आमचं गिऱ्हाईकही इथलंच. वर लोक घरं दुरुस्त करतात, एकावर एक माळे चढवतात, त्यांना लादी लागते. शेजारच्या शकूच्या ओट्यापाशी गल्ली एकदम आवळते, एका अंगाला ओटा, दुसऱ्या अंगाला गटार. चार टायरची पिकअप आरसे मिटून कशीबशी जाते. सहा टायरवाली मागून फुगलेली. तिचं बाहेरचं चाक थेट गटारात. मग माल खालीच उतरवा आणि डोक्यावरून वर न्या. असल्या गाडीवाल्याला भिवंडीचा लादीवाला शेठ कशाला विचारेल?

धाकटा सिद्धेश कुरिअरमध्ये होता, बरा होता. अनंत गेला तसा त्याच्या डोक्यात एकच शिरलं, दादाचं काम दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही. नोकरी सोडली आणि लायसन काढलं. मी रडले, उपास केला, दोन दिवस बोलले नाही. पोरगा बधला नाही.

"आई, अगं सहा टायरची घेऊन काय करू? खाली मेन रोडवर उभी करून तिची पूजा करू?"

"कर. पण रोज घरी ये."

"दादापण येतच होता ना रोज."



शेवटी गुणाजीनेच तोड काढली. देवाला विचारू. आम्ही कोकणातले, कणकवलीच्या पलीकडचे. मुंबईत दोन पिढ्या काढल्या, तरी घर घ्यायचं की मुलगी द्यायची हे गावचा रवळनाथ ठरवतो. देवाच्या दगडावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पडते ते बघत बसायचं. यालाच कौल म्हणतात. पूर्वी त्यासाठी गावी जावं लागायचं. आता कुंडलिक गुरव फोन लावून देवासमोर ठेवतो. मी हो म्हटलं. देव तरी आईचं ऐकेल अशी मला आशा होती. दुसरं काही उरलंच नव्हतं माझ्याकडे.

रविवारी सकाळी आंघोळी करून आम्ही तिघे फोनभोवती बसलो. कुंडलिकाचा आवाज खणखणीत. "बा देवा रवळनाथा! तुझो लेकरू गुणाजी मुंबैसून गाऱ्हाणा घालता. गाडी घेऊची आसा. सहा चाकांची घेऊची तर उजवो दी, चार चाकांची घेऊची तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गुणाजी आणि सिद्धेश म्हणाले. मीही पुटपुटले.

तिकडे देवळात चिमण्या ओरडत होत्या, त्या ऐकू येत होत्या. उजवी, उजवी, उजवी, मी मनात घोकत होते.

"डावो दिल्यान देवान," कुंडलिक म्हणाला. "चार चाकांची घेवा."

सिद्धेशने सुटल्यासारखा श्वास सोडला. मी फोन ओढून घेतला.

"कुंडलिका, उठू नको. अजून एक विचार. जोडचाकां असती तर माझो अनंत वाचलो असतो काय? वाचलो असतो तर उजवो दी म्हण."

"काकी, गेलेल्याचा असा विचारू नये..."

"माझो झिल गेलो, तुझो नाय. लाव पाकळ्यो!"

सिद्धेशने माझा हात धरला, मी झटकला. मला उत्तर हवं होतं. उजवी पडली असती तर मी गुणाजीकडे बोट दाखवून सांगितलं असतं, बघ, तू मारलास त्याला. वर्षभर हे वाक्य माझ्या घशात अडकलं होतं.

तिकडे कुंडलिक पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालायला लागला. "बा देवा म्हाराजा..." आणि गुणाजी एकदम ओरडला.

"थांब! ह्या देवाक विचारू नको. मी सांगतंय."

तो माझ्याकडे बघत नव्हता. फोनकडे बघून बोलत होता, देव तिथेच बसल्यासारखा.

"टायराचा काय नाय. पाटो मी चढवलंय."

मला समजलं नाही. सिद्धेशला समजलं. पाटे म्हणजे गाडीच्या खालचे ते लोखंडी पट्टे. माल जास्त झाला की ते दबतात, गाडी मागून बसते, आणि बघणाऱ्याला कळतं की आता पुरे. गुणाजीने साकीनाक्याच्या गॅरेजात त्यात एक पाटा वाढवून घेतला होता. आमच्या धंद्यात बरेच जण घेतात. मग कितीही भरा, गाडी बसत नाही. ताठ उभी राहते. सगळा भार मुकाट्याने टायरवर जातो.

"अनंतान विचारल्यान, पप्पा, ह्या कित्याक? नको, म्हणालो तो. मी म्हटलंय, एक फेरी वाचता." गुणाजीचं नाक गळत होतं, त्याने पुसलंही नाही. "गाडी बसली असती तर त्येका कळला असता, विमला."

तो मला नावाने हाक मारत नाही. एवढ्या वर्षांत कधी मारली नाही.

मला वाटलं होतं, त्याला असा मोडलेला बघून माझं काळीज थंड होईल. कुठलं काय! मला फक्त भीती वाटली. वर्षभर मी टायरला शिव्या दिल्या. चार नको, सहा घ्या. पण सहा घेतले असते तर हा माणूस सहांना पेलेल त्याच्या वर भरणार होता. दहा घेतले असते तर दहांच्या वर. माझ्या पोराला वाचवील असं चाक कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं.

"काकी," फोनमधून कुंडलिक चाचरत म्हणाला, "उजवी पडली."

कुठल्या प्रश्नाची पडली ते कोणीच विचारलं नाही. सिद्धेशने फोन बंद केला.

"आई, नव्या गाडीला पाटा नाही वाढवणार. मी जास्त भरणारच नाही. शपथ."

"अनंतपण नको म्हणाला होता," मी म्हटलं.

गाडी आली ती चार टायरचीच. देवाने दिलेला कौल मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी ओवाळलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारणी म्हणाल्या, झकास आहे. पहिल्या फेरीला मी सिद्धेश आणि गुणाजीबरोबर भिवंडीला निघाले तेव्हा दोघांनी खूप समजावलं. मी ऐकलं नाही आणि केबिनमध्ये दोघांच्या मधोमध जाऊन बसले.

गोडाऊनला हमालांनी लादीचे खोके रचले. गाडी मागून जराशी बसली. सिद्धेशने वाकून बघितलं आणि बस म्हणून हात केला. तेव्हा शेठचा माणूस पुढे आला.

"एवढंच? अरे, अर्धा माल तर इथेच राहिला. संध्याकाळपर्यंत सगळा वर पोचायला पाहिजे. तुला जमत नसेल तर तसं सांग, दुसरी गाडी उभीच आहे."

खरंच फाटकाबाहेर दुसरी गाडी उभी होती. मी गुणाजीकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. देवाशप्पथ सांगते, त्याने एक शब्द काढला नाही.

सिद्धेशने फाटकाकडे बघितलं. मग टायरकडे. मग म्हणाला, "टाक रे, अजून एक थर टाक. आजच्या दिवस."

हमालाने खोका उचलला. मी चप्पल काढली, पदर खोचला, मागच्या फळीला धरून वर चढले आणि खोक्यांवर जाऊन बसले, डाव्या बाजूला, चाकाच्या बरोब्बर वर.

"आई, काय करतेस? उतर खाली! लोक बघतायत!"

"मी इथंच बसून येतंय," मी म्हटलं. "आता भर, किती भरायचा ता."