हात आणि मान

नूतनने माऊस सरकवला. पडद्यावरच्या बाईने उजवा हात उचलून पदर डोक्यावर घ्यायला सुरुवात केली आणि हात कानाशी येतो न येतो तोच तिची मान खाली गेली.

"थांबा," मागे उभा असलेला अभिजीत म्हणाला. "परत करा."

तिने परत केलं. हात वर, मान खाली. बाई अगदी गुणी दिसत होती.

"मान का वाकते?"

"पदर घेतेय ना, सर."

अभिजीतने खुर्ची ओढून घेतली. रिंगरोडवरच्या या दोन खोल्यांच्या स्टुडिओचा तो मालक. मुंबईला शिकून आलेला, बँकेतल्या साहेबाचा मुलगा. रागावला की आवाज आणखी खाली नेणारा. "हात आणि मान जोडून टाकलेत की काय तुम्ही?"

"हो. हात वर गेला की मान आपोआप वाकते. दर वेळी वेगळी वाकवायला नको."

"नूतनताई, साडीवाल्या भाईदास शेठना त्यांच्या जाहिरातीतली बाई पदर घेऊन सरळ गिऱ्हाइकाकडे बघायला हवी आहे. बघून हसायला हवी आहे. ही कुणाकडे बघणार? जमिनीकडे?"

अठ्ठ्याण्णव साल होतं आणि कॉम्प्युटरवरच्या तयार बाहुलीच्या आत एकेक हाड ठेवायचं, कुठल्या हाडाने कुठली कातडी ओढायची ते ठरवायचं, हे काम सुरतेत कुणाला ठाऊकही नव्हतं. नूतन आधी साड्यांच्या डिझाइनचे रंग जुळवायची. दिवसभर गुलाबीतले गुलाबी निवडून डोळे शिणायचे. मग अभिजीतने तिला एकदा हाडं बसवायला दिली आणि तिचा जीव त्यात जडला तो जडलाच. आपण ठेवलेल्या कोपराने एखादा हात खराखुरा दुमडला की तिला घरी जाईपर्यंत हसू यायचं. ही बाई नीट हलली तर हेच काम कायमचं तिचं, नाहीतर परत रंगांच्या टेबलावर, असं ठरलं होतं.

"उद्या संध्याकाळी शेठ येतात," अभिजीत म्हणाला आणि उठला.

जोड तोडायला काहीच वेळ लागला नाही. हात वर गेला, मान जागच्या जागी राहिली आणि बाई भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी दिसू लागली. पदर घेताना न वाकलेल्या मानेतही काहीतरी होत असणार. पण काय, ते नूतनला माहीत नव्हतं. ती राहायची त्या लिंबायतच्या खानदेशी गल्लीत तिने शेकडो बायका पदर घेताना पाहिल्या होत्या, आणि त्यातली एकही मान न वाकवता पदर घेत नव्हती. बसताना गुडघा दुमडतो तशी पदर घेताना मान वाकते, यात विचारण्यासारखं काही असतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

घरी गेल्या गेल्या तिने सासूला पुढ्यात बसवलं.

"आई, पदर घ्या. पण मान वाकवू नका."

पुष्पाबाईंनी पदर घेतला. मान वाकली. पुन्हा घेतला, पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा दोघींना हसू आवरेना.

"माले जमाव नही वं," पुष्पाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मान आपेआप खाले जास. तुन्ही कंपुटरनी बाई तरी काय करी बिचारी?"

"नाही जमलं तर माझं काम जाईल, आई."

पुष्पाबाईंचं हसू थांबलं. सुनेने हे काम सोडून पुन्हा रंग जुळवायला जाताना कसं तोंड केलं असतं, ते त्यांना न बघताही दिसलं. त्यांनी पाठ सरळ केली. नूतनने त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला. "आता घ्या. मी धरलंय."

तेवढ्यात दारातून आप्पा आत आले.

काशिनाथआप्पा म्हणजे पुष्पाबाईंचे थोरले दीर. शेजारच्या खोलीत राहत आणि संध्याकाळचा चहा इथे घेत. माणूस गायीसारखा. सुनेला स्टुडिओत जाऊ द्या म्हणाले तेही तेच, फक्त भिंतीकडे बघून. पुष्पाबाई लग्न होऊन आल्यापासून रीतीप्रमाणे त्यांच्याशी एक शब्द सरळ बोलल्या नव्हत्या. आप्पा समोर बसलेले असताना त्या नूतनला सांगत, आप्पांना विचार, चहा आणखी हवा का. आणि आप्पाही नूतनकडे न बघता नूतनलाच सांगत, नको म्हणावं.

पुष्पाबाईंचा हात सवयीने पदराकडे गेला. नूतनच्या तळहातावर हनुवटीचा भार आला. भार वाढला, आणि मग थांबला. नूतनने हात काढून घेतला तरी मान तिथेच राहिली. किंचित मागे गेली होती. हनुवटी जराशी पुढे आली होती, आणि उचललेल्या हाताकडचा खांदा हलकेच वर चढला होता. नूतन एकेक गोष्ट टिपत राहिली.

पुष्पाबाई आप्पांकडे बघत होत्या.

आप्पांना आपले डोळे कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि खाटेवर बसले.

चहा पुष्पाबाईंनीच नेऊन दिला. "च्यामा साखर बराबर शे ना, आप्पा?"

आप्पांनी अजून घोटही घेतला नव्हता. "बराबर शे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरच्या बाईने पदर घेतला, मान किंचित मागे नेली आणि सरळ बघितलं. भाईदास शेठनी ती पुन्हा एकदा दाखवायला लावली आणि हसत गेले. अभिजीतने दुसरी बाहुली नूतनच्या टेबलावर उघडली तेव्हा तिला कळलं की रंगांचं टेबल सुटलं.

नवी बाहुली म्हाताऱ्याची होती. नातीच्या लग्नाची साडी बघणारा आजोबा.

"आता म्हातारा कुठून आणू?" संध्याकाळी चुलीपाशी ती सासूला हळूच म्हणाली. "मानेला, खांद्याला हात लावून बघावं लागतं. कुणाला सांगणार?"

बाहेरच्या खोलीत आप्पा चहा पीत होते. बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पुष्पा, सूनबाईले सांग, मी बठस."

नूतन दचकली. या घरात सून आप्पांच्या पायांना हात लावायची, त्याहून वर कधी नाही. तिने सासूकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा तिले," पुष्पाबाई आतूनच म्हणाल्या.

बाहेर खाट करकरली. नूतन दारात येऊन उभी राहिली. आप्पा खाटेवरून उठून खाली जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसले होते. टोपी मांडीवर होती. सदऱ्याचं वरचं बटण सोडून त्यांनी कॉलर मागे सारली होती.

"ये, माय," ते म्हणाले. "मान ताठ ठेवू का वाकाडू?"