नात्याचा रकाना

विमा एजंटने टेबलावरचा भुसा रुमालाने झटकला, खुर्चीवरचाही झटकला, आणि मग पॉलिसीची पाने एकेक करून मांडली. समोर दोघे भाऊ बसले होते. दादा ताठ, निकाल ऐकायला आल्यासारखा. धाकटा जरा वाकून, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. बँडेजमधून अंगठा आणि करंगळी तेवढी बाहेर डोकावत होती. मधल्या तीन बोटांच्या जागी नुसता कापूस होता.

कारखाना आज बंद होता. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली चार मशीनं आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या. त्यातल्या लाकूड तासायच्या रंध्याच्या मशीनमध्ये बारा दिवसांपूर्वी फळीची गाठ अडकली, फळी उसळली आणि धाकट्याचा हात आत गेला. पात्याचे दोन तुकडे झाले होते. मोटर जळाली होती.

"आधी चांगली बातमी," एजंट म्हणाला. "मशीनचं काम झालं. पातं, मोटर, फिटिंगची मजुरी, सगळं मिळेल."

दादाने श्वास सोडला. धाकट्यालाही हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची मग त्याची त्यालाच चीड आली. मशीन वाचले की आपण वाचलो, ही त्याची एकोणीस वर्षांची सवय होती.

"आणि याच्या हाताचं?" दादाने विचारले.

"त्यासाठी हे कुठे बसतात ते बघावं लागेल." एजंटने पान उलटले. "ही कामगारांची यादी. पॉलिशवाला, सुतार, हमाल. तिघंच आहेत. यांचं नाव नाही."

"नाही कसं?" धाकटा म्हणाला.

"मीच नाही घातलं," दादा म्हणाला. "घरच्या माणसाला कामगार म्हणून लिहायचं? तू काय पगारी आहेस?"

हे ऐकायला बरे वाटले. दादा असेच बोलायचा. गिऱ्हाइकांसमोर धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, दोघांचं आहे हे, अर्धं माझं, अर्धं याचं. त्या अर्ध्याच्या भरवशावर धाकट्याने रोज सगळ्यांच्या आधी येऊन शटर उघडले होते.

"बरोबर," तो म्हणाला. "मग मी मालकांच्यात असेन. भागीदारांचाही विमा असतो ना?"

"असतो." एजंटने पुढचे पान काढले आणि का कोण जाणे, ते दादासमोर ठेवले.

धाकट्याने डाव्या हाताने ते आपल्याकडे ओढले. भागीदार दोन होते. पहिले नाव दादाचे. दुसरे वहिनीचे.

वहिनी कारखान्यात वर्षातून एकदा यायची, तीही नाकाला रुमाल लावून, कारण भुशाने तिला शिंका यायच्या. तिच्या दहाही बोटांचा विमा उतरवलेला होता.

"तेव्हा करसल्लागार म्हणाला, बायकोचं नाव घाला," दादा घाईघाईने म्हणाला. "तू लहान होतास रे तेव्हा. म्हटलं, तुझं लग्न झालं की बदलू."

"माझ्या लग्नाला सात वर्षं झाली, दादा."

"राहून गेलं! कामाच्या रगाड्यात माणूस काय काय लक्षात ठेवणार? दरवर्षी कागद येतात, मी सही करतो. मला तरी कुठे कळतंय यातलं?"

धाकट्याने पाने चाळायला घेतली. एका हाताने ती सुटी होत नव्हती. चारही मशीनं होती, नंबरासकट. कॉम्प्रेसर होता, पंखे होते, मोजून सहा. बाहेरची पाटीसुद्धा होती. वादळात पडली तर तिची भरपाई मिळणार होती. त्या पाटीवर 'आणि बंधू' असे लिहिलेले होते. कुणीतरी इतक्या बारकाईने इथे फिरून सगळे टिपून घेतले होते आणि त्याच्या शेजारून निघून गेले होते.

एजंटने घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता. रिकाम्या हाताने कुणाच्या दारातून उठणे त्याला जमत नसे, इतकेच.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "शेवटचं कलम. बाहेरचं कुणी जागेत आलं, गिऱ्हाईक म्हणा, आणि त्याला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळते. चांगली मिळते. यांचं दुसरं ऑपरेशन सहज होऊन जाईल."

दुसऱ्या ऑपरेशनवरच सगळे अडले होते. महिन्याच्या आत झाले तर अंगठा आणि करंगळीत पकड येईल, असे डॉक्टर म्हणाले होते. चमचा धरता येईल, शर्टाचे बटण लावता येईल. नाही झाले तर हात नुसता बाहीत लोंबत राहील. तेवढी ऐपत दोघांच्याही घरात नव्हती.

"पण हा बाहेरचा कुठे आहे?" दादा म्हणाला.

"दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय?"

"मशीनमध्ये हात गेला."

"कोण, कशासाठी आला होता, ते?"

"ते कुणी विचारलंच नाही."

"मग झालं तर. टेबल बघायला आले होते, मशीनजवळ गेले. अटी दोनच. तो कामगार नसावा आणि मालकाच्या घरचा नसावा. पहिली तर तुम्ही आधीच पाळलीय."

कुणी हसले नाही.

"आडनाव एकच आहे आमचं," दादा म्हणाला.

"एका आडनावाची माणसं काय थोडी असतात? चौकशीला एक जण येईल. तोवर हे इथे दिसायला नकोत. आणि शेजारपाजारच्यांना जरा सांगून ठेवा."

धाकटा वाट पाहू लागला. आता दादा टेबलावर मूठ आपटेल. उधारीवाल्या गिऱ्हाइकाला झापतो तसा एजंटला झापेल, कागद गोळा करून त्याच्या अंगावर टाकेल, म्हणेल, माझा भाऊ आहे तो. मग पुढचे पुढे बघू. धाकट्याला ऑपरेशनपेक्षाही ते हवे होते.

दादाने बँडेजकडे पाहिले, मग मशीनकडे.

"बघ बाबा," तो म्हणाला. "हात तुझा आहे. मी बळजबरी नाही करणार."

धाकट्याने मान हलवली. डावा हात वाकडा करून उजव्या खिशात घालायला त्याला वेळ लागला. शटरची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली.

"गिऱ्हाइकाकडे नसते ही," तो म्हणाला.

दादाने ती उचलली आणि ड्रॉवरमध्ये टाकली, हरवू नये म्हणून.

एजंटने बॅगेतून कोरा अर्ज काढला. अर्ज जखमी माणसाने स्वतः भरायचा होता. धाकट्याने डाव्या हातात पेन धरले. आपलेच नाव लिहिताना कागद दोनदा सरकला, कारण दाबून धरायला दुसरा हात नव्हता. तेव्हा दादा खुर्ची ओढून जवळ आला आणि त्याने आपला रुंद पंजा कागदावर ठेवला. शाळेत जायच्या आधी धाकट्याची वही त्याने अशीच धरली होती. नखांत तेव्हाही भुसा असायचा.

येण्याचे कारण: टेबल पाहणे. वेळ: सकाळी दहा.

जागेच्या मालकाशी नाते. इथे पेन थांबले.

"इथे 'काही नाही' लिहा," एजंटने बोट ठेवून सांगितले.

धाकट्याने लिहिले. अक्षरे पहिलीतल्या पोरासारखी आली, मोठी, वेडीवाकडी, रकान्याबाहेर गेलेली. दादाने वाकून पाहिले. त्याचा पंजा कागदावर घट्ट होता.

"फिकट आलंय रे," तो हळूच म्हणाला. "जरा ठळक कर. त्यांना वाचता आलं पाहिजे."

धाकट्याने पेन पुन्हा पहिल्या अक्षरावर टेकवले आणि गिरवायला घेतले.