होग्लाची कालवड आणि दोन राजांचा तह

एन-शाकेद गावचं नशीबच थोर! वरच्या अंगाला शोमरोनच्या राजाचं राज्य, इस्राएल; खालच्या अंगाला यरुशलेमच्या राजाचं, यहूदा. दोघंही स्वतःला एकाच मूळपुरुषाची, याकोबाची, लेकरं म्हणवणारे, त्यामुळे भांडणं अगदी सख्ख्या भावांना शोभतील अशी. दर दीड-दोन वर्षांनी दोघांनाही शांततेचा उमाळा यायचा, आणि तो आला की दोघांच्याही दूतांना एन-शाकेदचं खळं आठवायचं.

तह करायचा म्हणजे तीन वर्षांची कालवड उभी चिरायची, दोन अर्धुकं समोरासमोर मांडायची आणि दोन्ही पक्षांनी मधून चालत जायचं. शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असं म्हणत. गेल्या पाच वर्षांत शब्द तीनदा मोडला. राजे ठणठणीत होते. कालवडी तेवढ्या गेल्या.

यंदा पाळी होग्लाची लागली. विधवा बाई, घरात आवाज चढवायला पुरुष नाही, एवढी पात्रता गावचा म्होरक्या अखबोर याला पुरली. त्याच्या स्वतःच्या गोठ्यात सात कालवडी होत्या, पण त्या म्हणे तहाला शोभण्याजोग्या नव्हत्या.

"होग्लाकाकू, मान आहे हा तुझा," तो म्हणाला.

"मग तूच घे की तो मान! पंधरा दिवसांवर जवाची पेरणी आलीय. माझा नांगर कोण ओढणार, तुझी बायको?"

"अगं, तह झाला की सुखानं पेरशील."

"कशानं? नखांनी उकरून?"

पण चौघं जण दावं ओढत खळ्यावर निघाले, तेव्हा तीही मुकाट्यानं मागून गेली. एकुलतं एक जनावर. निदान शेवटपर्यंत सोबत तरी करावी.

खळ्यावर मात्र तिला आशेला जागा दिसली. शोमरोनचा दूत गिनथ आणि यरुशलेमचा दूत पेलत्या यांचं आधीच जुंपलं होतं. पहिल्यांदा कोणी चालायचं?

"आमच्याकडे याकोबाचे दहा वंश आहेत, तुमच्याकडे दोन. मोजता येतं ना?" गिनथ म्हणाला.

"आमच्याकडे मंदिर आहे. तुमच्याकडे काय, पुजायला सोन्याची वासरं?" पेलत्यानं तोंड वाकडं केलं.

तहाचा विधी करायला आलेला याजक बिचारा मध्ये पडला. जोडीनं चाला म्हणाला. मग उजव्या हाताला कोण, यावर दुपार गेली. होग्ला कालवडीची मान खाजवत मनात म्हणत होती, भांडा रे बाबांनो, असंच भांडत राहा, देव तुमचं भलं करो.

पण अखबोरला भूक लागली होती ना! "सरदार, एकानं या टोकानं यावं, दुसऱ्यानं त्या टोकानं," तो म्हणाला. "पहिला कोणी नाही, उजवा कोणी नाही."

दोघांनाही पटलं. होग्लानं मेल्या अखबोरला तिथल्या तिथे सात पिढ्यांचे शाप दिले. मग तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तिच्या कालवडीची दोन अर्धुकं झाली होती.

दूत निघाले. हा इकडून, तो तिकडून. बरोबर मध्यावर नाकाला नाक लागलं, आणि वाट होती एका माणसापुरती.

"सरका," गिनथ म्हणाला.

"तुम्ही सरका. आमच्यात सरकायची पद्धत नाही."

ऊन कललं. माश्या आल्या. दोन राज्यांची अब्रू रक्तात पाय रोवून उभी राहिली. शेवटी याजकानं तोडगा काढला: दोघांनी एकाच वेळी, सारखीच पावलं, मागे यावं. आले. म्हणजे पार कोणीच गेलं नाही. तह झाला नाही.

"हरकत नाही," पेलत्या पाय पुसत म्हणाला. "पुढच्या अमावास्येला दुसरी कालवड आणा."

होग्लाच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली, पदर खोचला आणि सरळ त्या दोन अर्धुकांमधून चालत गेली. सहा पावलं. तेवढंच तर अंतर होतं.

"झाले मी पार!" ती ओरडली. "एवढंच जमत नव्हतं तुम्हाला?"

याजकाचा चेहरा पांढराफटक पडला. रक्तामधून चालून घेतलेली शपथ, ती काही परत घेता येत नाही. त्याला विचारलं तेव्हा चाचरत म्हणाला, तह झाला आहे; मात्र बांधली गेली ती फक्त ही बाई.

दोन्ही दूतांच्या लेखनिकांनी लगेच लिहून घेतलं: एन-शाकेदची होग्ला ही इस्राएलावर किंवा यहूदावर कधीही चाल करून जाणार नाही. दोन्ही दूत बरेच समाधानी दिसले. रिकाम्या हातानं परत जायची नामुष्की टळली होती.

"नाही येणार चाल करून," होग्ला म्हणाली. तिचा आवाज आता बसला होता. "माझी कालवड गेली, यंदा माझं शेत पडीक राहणार. तरी शब्द देते. पण तुमचं काय? तुमची माणसं माझ्या दारात यायची नाहीत, एवढा शब्द तुम्ही देता का? चाला, सहाच पावलं आहेत."

गिनथनं पेलत्याकडे पाहिलं. पेलत्यानं गिनथकडे.

"त्यासाठी राजांना विचारावं लागेल," गिनथ म्हणाला.

"विचारायलाच हवं," पेलत्यानं लगेच दुजोरा दिला, आणि तेवढ्यापुरतं दोन्ही राज्यांचं एकमत झालं.